लेलंडची लांबडी काडतुसं

मार्लिस क्वेडच्या बंदुकीत काडतूस अडकलं ते लेलंड प्रूइटच्या शहाणपणामुळे. ही गोष्ट त्याला एकट्यालाच ठाऊक होती, निदान त्याची तशी समजूत होती. आणि ती तशीच झाकलेली राहिली तर बरं, असं त्याला वाटत होतं. लाजेचं मूळ तिथंच होतं.

लेलंड हा बिटर क्रीकचा टायरवाला. आयडाहोच्या डोंगरात चाकं लवकर झिजतात, त्यामुळे धंदा बरा चाले. चाकाचा तोल साधायला लावतात ती शिशाची जुनी वजनं तो कधी फेकत नसे. दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत ती वितळवायची, वरची मळी काढायची, जरासं कथील घालायचं आणि साच्यात ओतून गोळ्या पाडायच्या. मग वापरलेल्या पितळी पुंगळ्यांत नवी दारू भरून त्यावर गोळी बसवायची. त्याचा बार कधी फुसका गेला नव्हता. लोक त्याला 'गोळीपंडित' म्हणत. त्यांनी टिंगल म्हणून दिलेलं नाव त्यानं पदवी म्हणून स्वीकारलं होतं.

यंदा त्यानं नवा साचा आणला होता, लांब नाकाच्या वजनदार गोळीचा. फोर्टी-फोर मॅग्नमचं काडतूस कमरेच्या रिव्हॉल्व्हरलाही चालतं नि लिव्हरच्या बंदुकीलाही, याचं त्या खोऱ्यात भारी कौतुक. लेलंडनं स्वतःच्या रिव्हॉल्व्हरमधून डबे उडवले, स्वतःचीच पाठ थोपटली आणि लिव्हरच्या बंदुकीत एकही फिरवून न बघता काडतुसांची पेटी मार्लिसला नेऊन दिली.

लिव्हरच्या बंदुकीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक निजलेली असतात. घोड्याखालचा दांडा, म्हणजे लिव्हर, ओढली की एक मागं सरकून पाळण्यात येतं नि पाळणा त्याला वर उचलतो. काडतूस जरा जरी लांब झालं, तरी त्याचं नाक नळकांड्यातच राहतं आणि पाळणा जागचा हलत नाही. लेलंडला हे ठाऊक नव्हतं असं नाही. दुसऱ्यांना तो हेच तर शिकवत असे.

मार्लिसचा नवरा ड्वेन वसंतात वारला. बंदूक त्याची. जनावर दिसेपर्यंत नळीत काडतूस चढवायचं नाही, हा नियमही त्याचाच. मार्लिसनं तो पाळला. समोर एल्क हरणाची गलेलठ्ठ मादी उभी, हिवाळाभराचं मांस चार पायांवर! हिनं लिव्हर ओढली, ती अर्ध्यावर गच्च. मादीनं हिच्याकडे सावकाश बघितलं आणि झाडीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नॉर्माच्या खानावळीत बॉइड हॅचनं तोंड सोडलं. "काय गं मार्लिस, बंदूक अडकली की तुझे हात?"

"बंदूक," मार्लिस म्हणाली. "ड्वेनच्या हाताला सरावलेली आहे. माझं ऐकत नाही."

"मग मला देऊन टाक ना! बायकांनी केक भाजावेत. काडतुसं तरी कुणाची होती?"

"लेलंडची."

"मग बंदूकच खोडसाळ. पंडिताचं काडतूस कधी अडत नाही. काय हो पंडित?"

लेलंडनं पॅनकेकवर नको इतका पाक ओतला. "जुनी बंदूक... कधीकधी करते असं," तो म्हणाला. मूग गिळून बसला असता तरी एक वेळ चाललं असतं. हा मेलेल्या माणसाच्या बंदुकीवर आळ घेऊन मोकळा झाला.

बॉइड खरंच बंदूक न्यायला जाणार, असं कळल्यावर लेलंडनं दुकान बंद केलं. तो मार्लिसच्या घरी गेला. टेबलावर बंदूक खोलून ठेवलेली होती.

"बॉइडला देऊ नकोस," तो दारातूनच म्हणाला.

"का बरं?"

"बंदुकीचा दोष नाही. काडतुसं... जरा लांब झालीत."

"ठाऊक आहे."

"म्हणजे?"

"ड्वेनच्या जुन्या काडतुसाशेजारी तुझं उभं केलं. आंधळ्यालाही कळलं असतं."

"मग खानावळीत बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते." तिनं फडक्याला तेल लावलं. "ड्वेन गेल्यापासून पहिल्यांदा डोंगरात गेले रे लेलंड. ती अख्खी रात्र मला वाटत होतं, मलाच जमलं नाही."

"जुन्या साच्यातली करून आणतो," तो पुटपुटला.

"आण. माझ्यासमोर एकेक काडतूस बंदुकीतून फिरवायचं. आणि बॉइडसमोर काय सांगायचं, ते तुझं तू बघ."

"सांगतो. उद्याच सांगतो."

काडतुसं त्यानं केली. तिच्या अंगणात, तिच्या नजरेखाली, एकेक फिरवून दाखवली. पाळणा लोण्यासारखा वर येत होता. मोसम संपता संपता मार्लिसनं मादी पाडली, एकाच बारात. मांसाचं पुडकं लेलंडच्या घरीही आलं. त्यानं ते शिजवलं, पण चव काही लागली नाही.

खानावळीत बॉइडनं कप उंचावला. "बघा! बंदूक खोडसाळ, बाई नवखी, तरी जनावर पडलं. काडतूस कुणाचं? पंडिताचं!"

सगळे हसले. कोपऱ्यातल्या टेबलावरून मार्लिस हसली नाही, रागावलीही नाही. नुसती लेलंडकडे बघत राहिली.

लेलंडनं घसा खाकरला. "बॉइड, त्याचं असं आहे..."

"काय?"

"...मीठ सरकव जरा इकडं."

मार्लिसनं कोट चढवला नि ती बाहेर पडली. बॉइडनं मीठ सरकवलं.