महिपतीची पाटी आणि बाईंचं स्टिअरिंग

खराडीत गावठाणाच्या तोंडाशी महिपतीचं गॅरेज आहे. तिथे गाडीपेक्षा गिऱ्हाइकाचीच दुरुस्ती जास्त होते, असं आसपासचे लोक सांगतात. आत शिरायच्या आधी पाट्या वाचाव्या लागतात. ‘हॉर्न वाजवून बोलावू नये. इथे बैल बांधलेले नाहीत.’ ‘मोबाइलवर वाचून आलेल्यांनी गाडी मोबाइलकडेच द्यावी.’ ‘पुतण्याचे गॅरेज समोर आहे. पत्ता इथे विचारू नये.’ आणि सगळ्यांच्या वर, वडिलांच्या बैलगाडीची जाड फळी तासून तिच्यावर पिवळ्या रंगात रंगवलेली मुख्य पाटी: ‘इथून गेलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत येत नाही. आल्यास ही पाटी उतरवू.’

ही पाटी बावीस वर्षं जागची हलली नव्हती. भावांनी जमिनी बिल्डरला दिल्या, तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, भावांच्या दारात पांढऱ्या मोठ्या गाड्या आल्या. महिपतीने रस्त्याकडचा तुकडा तेवढा धरून ठेवला आणि भावांच्याच गाड्या दुरुस्तीला घेऊ लागला. भावांना शिव्या द्यायची कायमची सोय झाली. पैशाचं कोणी विचारलं की तो अंगठ्याने वरच्या पाटीकडे दाखवायचा. आपली कमाई ती, असं त्याला वाटायचं.

समोरचा पुतण्या म्हणजे इंद्रजीत. सहा वर्षं काकांच्या हाताखाली राबला आणि एक दिवस म्हणाला, “काका, अंगठ्यानं नाही, मीटरनं बघायचं असतं.” दुसऱ्या महिन्यात त्याचं स्वतःचं वर्कशॉप रस्त्यापलीकडे उघडलं. बसायला सोफा, कॉफीचं मशीन, भिंतीवर टीव्ही. तेव्हापासून काका-पुतण्यात बोलणं नाही. नाही म्हणायला महिपती रोज सकाळी आपल्या दारातला कचरा झाडून रस्त्याच्या मध्यरेषेपर्यंत नेऊन सोडतो, आणि इंद्रजीत तो पाइपच्या पाण्याने परत पाठवतो. एवढाच काय तो व्यवहार.

आता सत्यशीलाबाईंकडे येऊ. एकतीस वर्षं कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सदाशिव पेठेतली जागा सोडून खराडीत नवव्या मजल्यावर राहायला आल्या, पण जीभ पेठेतलीच घेऊन आल्या. दर शनिवारी स्वतः गाडी चालवत साताऱ्याला बहिणीकडे जातात. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी आपली छोटी पांढरी गाडी महिपतीकडे दिली. पुढच्या ब्रेकचे पॅड झिजले होते, डिस्कलाही खाचा पडल्या होत्या. दोन्ही नवीन घालायचं ठरलं.

तो दिवस खंडेनवमीचा. जुन्या डिस्क काढल्या होत्या, गाडी जॅकवर होती आणि डिस्क ज्याच्यावर बसते तो हब उघडा पडला होता, इतक्यात महिपतीची बायको गोदाबाई पूजेचं ताट घेऊन आली. पाने, हातोडे, जॅक, व्हाइस, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. जे जे लोखंड उघडं दिसलं त्याच्यावर कुंकू आणि अक्षता पडल्या. डावा हबही त्यात आला. महिपतीने हात जोडले आणि त्यावरच नवी डिस्क बसवली. हब पुसायचा नियम त्याला माहीत होता, त्याने दहा जणांना शिकवला होता. पण सणाच्या दिवशी लावलेलं कुंकू लगेच फडक्याने पुसायचं? छे! अक्षता काय, आपोआप गळून पडतात.

डिसेंबरात बाई आल्या आणि गाडी थेट मुख्य पाटीखाली उभी केली.

“महिपतराव, वाचता येतं ना आपल्याला? मग ही पाटी जरा मोठ्यानं वाचून दाखवा.”

“काय झालं ते सांगा बाई.”

“खंबाटकीचा घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. आधी वाटलं माझं वय झालं. मग लक्षात आलं, ब्रेक सोडला की मी पुन्हा तरुण होते.”

महिपतीने गाडी बायपासला नेली आणि ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला. स्टिअरिंग हातात असं थडथडलं, की त्याला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. ब्रेक न दाबता सरळ नेली तर सुतासारखी चालली. म्हणजे चाकांचा तोल बरोबर होता, खोट ब्रेकमध्येच. परत येईपर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे पाटी आणि कानात पुतण्याचं हसू. पण त्याने हार मानली नाही.

“हे ते दुखणं न्हाई. तवा तुमचा ब्रेक लागत नव्हता. आता लागतोय, पण थरथरतोय. दुखणं येगळं हाय.”

“पाटी वकिलाकडून लिहून घेतली होती वाटतं!”

त्याने चाकं काढली. नट एकसारखे आवळलेले होते, पॅड मोकळे सरकत होते. मग दोन्ही डिस्क काढून लेथवर घासून आणल्या, पुन्हा चढवल्या आणि गाडी फिरवली. लोण्यासारखी थांबली. “नव्या डिस्कला कधी कधी अशी खोड असते,” म्हणून त्याने विषय संपवला. पाटी राहिली.

फेब्रुवारीत बाई पुन्हा हजर. तोच घाट, तीच थरथर. या वेळी त्यांनी काचसुद्धा खाली घेतली नाही. आतूनच पाटीकडे बोट दाखवलं.

महिपतीचा तोल गेला. “बाई, तुमी चालवताच वाईट! घाटभर ब्रेकवर पाय ठेवून बसता. वर तापलेल्या डिस्कवर पाणी मारत असाल, म्हणून वाकडी झाली!”

बाई उतरल्या. “साताऱ्यात बहिणीकडे मला प्यायला पाणी मिळतं हेच पुष्कळ. गाडीला कोण देतंय? आणि वाकडी झाली म्हणताय, ती मोजून म्हणताय की अंगठ्यानं?”

‘अंगठा’ हा शब्द बरोबर दुखऱ्या जागी बसला. पुढे बाईंनी जे केलं त्याची चर्चा गावठाणात अजून चालू आहे. त्यांनी रस्ता ओलांडला आणि इंद्रजीतच्या काचेच्या दारातून आत शिरल्या. पाच मिनिटांत एका हातात काट्याचं घड्याळासारखं गेज आणि दुसऱ्या हातात त्याचं लोहचुंबकाचं स्टँड घेऊन परत आल्या. डिस्क फिरताना केसभर जरी डोलली तरी हा काटा दाखवतो. मागोमाग इंद्रजीत, दात काढत.

“त्याचं पाऊल माझ्या फरशीवर पडता कामा न्हाई,” महिपती ओरडला.

“नाही येत काका, चिल! मी इथंच उभा राहतो, पब्लिक रोडवर.” इंद्रजीत गटाराच्या झाकणावर उभा राहिला आणि पॉपकॉर्न नसल्याचं त्याला फार वाईट वाटलेलं दिसलं.

चाक काढून महिपतीने डिस्क नटांनी आवळली. बाईंनी साडीचा पदर खोचला, गेज लावलं, त्याचं टोक डिस्कला टेकवलं. “फिरवा. हळू. विद्यार्थी फिरवतात तसं नको.”

उजवीकडची डिस्क फिरली, काटा जेमतेम हलला. डावीकडे मात्र पाळण्यातल्या पोरासारखा झोके घेऊ लागला.

“किती, मॅडम?” रस्त्यावरून प्रश्न.

“पंधरा शतांश मिलिमीटर. पाचपेक्षा जास्त नको ना?”

“बापरे! काका, हे तर डान्स करतंय!”

महिपतीला मात्र वाट दिसली. “बघा! डिस्कच वाकडी. कंपनीचा दोष. माझा काय संबंध?”

“थांबा.” बाईंनी खडू काढला. निवृत्तीनंतरही त्यांच्या पर्समध्ये खडू असतो, हे त्या दिवशी खराडीला कळलं. काटा जिथे सगळ्यात जास्त वर जात होता, तिथे त्यांनी डिस्कवर खूण केली आणि तिच्याजवळच्या हबाच्या बोल्टवरही. “आता डिस्क काढा, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. डिस्क वाकडी असेल तर उंचवटा डिस्कच्या खुणेबरोबर जाईल. नसेल तर जिथे होता तिथेच, बोल्टापाशी राहील. पहिल्या वर्षाचा प्रयोग आहे हा, यात नापास होणारे कमी.”

महिपतीने तसं केलं. डिस्कची खूण खाली गेली, आणि काटा पुन्हा बोल्टाच्याच खुणेपाशी वर चढला. डिस्क निर्दोष होती, तिच्या पाठीमागे काहीतरी होतं. गटाराच्या झाकणावरून शीळ ऐकू आली.

महिपतीने डिस्क उतरवली आणि खाली वाकला. त्याच्या रुंद पाठीमुळे बाईंना हब दिसत नव्हता. तांबूस गंजाच्या रंगात मिसळलेलं, नखाएवढं काहीतरी तिथे चिकटून बसलं होतं. त्याने नखाने खरवडलं. आतून पांढरं पीठ निघालं. तांदळाचा दाणा, कुंकवासकट चिरडून पापडासारखा चपटा झालेला. त्याच्यावर डिस्क तिरकी बसली होती आणि फिरता फिरता पॅडवर घासून एका बाजूने पातळ होत गेली होती. लेथवर घासली तेव्हा सारखी झाली, पण पुन्हा त्याच दाण्यावर बसली. दोन हजार किलोमीटर झाले की पुन्हा तेच रडगाणं.

“काय आहे हो?” बाईंनी विचारलं. “गंज असेल. जुनी गाडी आहे.”

महिपतीला आयतीच पळवाट मिळाली होती. गंज म्हटलं की दोष गाडीचा. अंगठ्याने पुसलं की संपलं, वरची पाटी आणखी बावीस वर्षं तिथेच. त्याने ‘हो’ म्हणायला तोंड उघडलंही. पण बोटावर खंडेनवमीचं कुंकू होतं, गोदाबाईने उपाशीपोटी लावलेलं. त्याला गंज म्हणायला त्याची जीभ वळेना.

तो उठला आणि बोट बाईंपुढे धरलं.

“गंज न्हाई. अक्षता हाय. दसऱ्याची. पुसायची ऱ्हायली.”

“कोणाची राहिली?”

“माझ्या हातनं ऱ्हायली. डिस्क चांगली हाय, कंपनी चांगली हाय. तुमचं चालवणं वाईटच हाय, ते मी मागं घेत न्हाई. पण हे दुखणं इथलं.”

बाईंनी चष्मा वर करून दाणा पाहिला. “गाडीला कुंकू लावतात ते मला ठाऊक आहे, महिपतराव. पण बाहेरून लावतात.”

“काका, ब्रेकला नैवेद्य!” इंद्रजीतने मोबाइल काढला. “एक फोटो? आणि पाटी उतरवायला शिडी आणू का? माझ्याकडे ॲल्युमिनियमची आहे.”

“तुझी उंची पुरायची न्हाई तिथवर,” महिपती म्हणाला. तारेच्या ब्रशने त्याने दोन्ही हब चांदीसारखे लख्ख घासले आणि घासून पातळ झालेल्या डिस्कऐवजी दोन्ही चाकांना नव्या चढवल्या. बाईंनी पुन्हा गेज लावलं. काटा दोन शतांशावर शहाण्यासारखा बसून राहिला. महिपतीने गेजकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं आणि ते बाईंच्या हातात देत म्हणाला, “ज्याचं हाय त्याला देऊन टाका. माझ्याकडं नको.” दुसऱ्याच दिवशी त्याने तसलंच एक मंडईपलीकडच्या हत्यारांच्या दुकानातून आणलं, आणि ते गिऱ्हाइकाला दिसणार नाही असं कपाटात ठेवलं. कपाटाला काच आहे, हे तो विसरला.

पाटी त्याने त्याच संध्याकाळी उतरवली, स्वतः स्टुलावर चढून. समोर सोफ्यावरची गिऱ्हाइकं काचेला नाक लावून बघत होती.

मे महिन्यात बाई ऑइल बदलायला आल्या. थरथर नव्हती, घाट सोळा वेळा उतरून झाला होता. पण तसं म्हटलं तर महिपतीला बरं वाटेल, म्हणून त्या बोलल्या नाहीत. भिंतीवरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघून म्हणाल्या, “फळी चांगली होती. जाळलीत?”

“सागवान जाळत्यात व्हय?” आवाज गाडीच्या खालून आला.

बाई वाकल्या. महिपती फळीला चार लोखंडी चाकं ठोकून तिच्यावर उताणा पडला होता, आणि पिवळी अक्षरं वरच्या बाजूला होती. ‘परत येत नाही’ त्याच्या पाठीखाली गेलं होतं. ‘आल्यास’ तेवढं खांद्यापाशी दिसत होतं.

“अक्षरं खाली करायची होती,” बाई म्हणाल्या.

“खाली केली तर फरशीवरच्या ग्रीसनं पुसतील की,” महिपती म्हणाला. “पाय काढा तुमचा, चाक अडतंय.”