काळ्या कव्हरचा तवा

सदर बाजारातल्या गाण्यांच्या तव्यांच्या, म्हणजे रेकॉर्डच्या, दुकानात तो रोज संध्याकाळी यायचा. तार ऑफिसातला बाबू. नाव मी कधी विचारलं नाही. बायको गेल्यापासून मले घर खायले उठते, म्हणून मीही तिथं स्टुलावर बसून राहायचो. तो मात्र कधी बसला नाही. एक पाय पायरीवर, एक खाली, अन् बोटं सायकलच्या सीटवर तडतड. दुकानदाराशी वाद एकच: हार्ड रॉकचा जगात सगळ्यात भारी तवा कोणता? त्याचा काळ्या कव्हरवाला, दुकानदाराचा लाल. मले दोन्हीत नुसतं बोंबलणं ऐकू यायचं.

"ऐक ना गा, ऐक!" असं तो म्हणायचा, अन् स्वतः कोणाचं ऐकायचा नाही.

एक दिवस दुकानदार कंटाळला. "जाऊ दे बाबू, तुझंच खरं."

बाबूची बोटं थांबली. जिंकलेल्या माणसाचं तोंड एवढं पडलेलं मी पाहिलं नव्हतं. "तसं नाही गा, लालमध्येबी दम आहे," म्हणत तो दुकानदाराच्याच बाजूनं भांडू लागला. दुकानदार तवे पुसत राहिला.

माझी बायको जन्मभर भाजीतल्या मिठावरूनही भांडली. शेवटच्या आठवड्यात मात्र म्हणे, "तुमचंच खरं." मले वाटलं, निवली. ती तर निघाली होती.

बाबू माझ्याकडे वळला. "काकाजी, तुम्हीच सांगा, कोणता भारी?"

मले त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी म्हटलं, "काळा एकदम बेकार आहे."

"बेकार? काहून बेकार?" तो ओरडला.

"सांगतो," मी दुसरं स्टूल त्याच्याकडे सरकवत म्हटलं. "बस."