पडद्याखालची वीतभर फट

लग्नानंतरचं पहिलं वर्षभर आम्ही दोघं हॉटेल शोधत होतो. कोल्हापुरात तेव्हाही हॉटेलं कमी नव्हती, त्यामुळे हे ऐकून कुणालाही हसू येईल. पण शिवाजी पेठेतल्या आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत सासूबाई होत्या, आणि गडमुडशिंगीहून शिकायला आलेले दोन दीर होते. दिवसभरात आमचं बोलणं व्हायचं ते स्टोव्हच्या आवाजात, भाजी काय आणायची आणि रॉकेल कधी मिळणार एवढ्यापुरतं. म्हणून शनिवारी संध्याकाळी तासभर कुठं तरी समोरासमोर बसायचं, असं माझ्या यजमानांनी ठरवलं. ते इंजिनाच्या एका कारखान्यात फिटर होते. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे.

जागा ठरेना ती माझ्यामुळे. स्टँडजवळच्या एका खानावळीत ते मला घेऊन गेले, तेव्हा आत मी एकटीच बाईमाणूस होते. मी बसेपर्यंत सगळ्यांचे हात रश्शात थांबले होते. टॉकीजशेजारचं हॉटेल चांगलं होतं, पण शनिवारी तिथं शाळेतल्या मुली आईवडिलांबरोबर यायच्या. आमच्या पेठेतल्या मिसळीच्या दुकानात तर त्यांच्या तालमीतले दोस्त बाकावर हजरच. त्यातला एक मला बघून ओरडला, "वैनी आल्या, बाकडं पुसा रं!" आणि स्वतःच्याच टोपीनं बाक पुसू लागला. यजमान हसत राहिले. मी मिसळ अर्धी टाकून उठले.

शेवटी राजारामपुरी निघाली. घरापासून लांब. सरळ आखलेल्या गल्ल्या, डॉक्टरांचे दवाखाने, नवी दुकानं, आणि आम्हाला ओळखणारं कुणी नाही. तिथल्या एका गल्लीच्या तोंडाशी ते हॉटेल होतं. बाहेर सहा टेबलं, आणि भिंतीला लागून प्लायवूडच्या तीन खोल्या. प्रत्येकीला हिरवा पडदा, वर पाटी, 'फॅमिली रूम'. एकट्या पुरुषाला तिथं बसू देत नसत. कांदाभजी आणि चहा दोन्ही चांगले होते. आत शिरल्यावर मालकांनी आमच्याकडे नीट बघितलंही नाही, "पावणं, आत बसा की," एवढंच म्हणाले. मला ती जागा त्याच क्षणी पटली.

त्यांना पटली नव्हती. त्यांना दारालगतचं पहिलं टेबल हवं होतं, रस्त्याकडे तोंड करून बसता येईल असं. मी सांगायची की आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी एका शिक्षिकेला सगळ्यांदेखत सुनावलं होतं. ती हॉटेलात खाताना कुणाला तरी दिसली होती, नवऱ्याबरोबरच. "उद्या मुली तुमच्याकडे काय म्हणून बघतील?" असं बाई म्हणाल्या होत्या. ते वाक्य माझ्या डोक्यात घट्ट बसलं होतं. यजमानांना ते कितीही वेळा सांगितलं तरी त्यांना त्यात भिण्यासारखं काही सापडायचं नाही.

"आपण चोरी करतोय व्हय गं मास्तरीणबाई?" ते म्हणायचे. "माझी बायको हाय, आन् मी भजी खातोय."

"पण इथे काय वाईट आहे? गार आहे, शांत आहे."

"वाईट न्हाय. पर तुझ्यासंगं बसल्यालं लोकांनी बघावं, आसं मला वाटतंय की."

असं ते अगदी साधेपणानं म्हणायचे. मग पुढच्या बशीतलं भजं माझ्या बशीत टाकायचे आणि विषय संपायचा.

पडद्याच्या आत आमचा एक खेळ होता. पडदा जमिनीपर्यंत पोचत नसे, खाली वीतभर फट राही. तिच्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते पाय दिसत. पायांवरून माणूस ओळखायचा. "ह्यो तालमीतला, टाच बघ कशी टाकतोय." "ह्येची कोल्हापुरी नवी हाय, अजून कराकरा वाजतीया." मी फार चुकायची. ते सहसा चुकत नसत. माझ्या डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता, तेव्हा चांभाराकडे काळं चामडं नव्हतं म्हणून त्यांनीच तपकिरी पट्टा लावून आणला होता. एक पाय काळा, एक तपकिरी. मी कुरकुर केली, तर म्हणाले, "आसू दे की. जोतिबाच्या जत्रंत हरवलीस तरी पायावरनं वळकीन."

दोन वर्षं अशी गेली. मग कारखान्यात त्यांना बढती मिळाली. त्या आनंदात त्यांनी काही मागितलं असेल तर एवढंच, की येत्या शनिवारी बाहेरच्या टेबलावर बसायचं. एकदाच. मी हो म्हटलं. हे लिहिताना मला स्वतःला बजावून सांगावं लागतं की मी मनापासून हो म्हटलं होतं. त्यांनी कारखान्यातून परस्पर यायचं, मी घरून, साडेपाचला.

त्या शनिवारी बसमधून उतरून मी चालत निघाले. हॉटेल शंभर पावलांवर असेल. तेवढ्यात डोळ्यांच्या दवाखान्याच्या पायरीवर आमच्या मुख्याध्यापिकाबाई उभ्या दिसल्या. कपाळावर हात आडवा धरून त्या रस्त्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत औषध घातलं होतं, त्यांना समोरचं काहीही नीट दिसत नव्हतं. हे मला नंतर कळलं. मी गप्प पुढे गेले असते तर त्यांना पत्ता लागला नसता. पण बाई दिसल्या की नमस्कार करायचा, ही सवय माझ्या जिभेलाच लागलेली. मी म्हणाले, "नमस्कार, बाई."

"कोण? तुम्ही का?" त्यांनी माझा आवाज ओळखला. "बरं झालं हो. मला बसपर्यंत सोडा. सगळं पांढरं पांढरं दिसतंय." आणि त्यांनी माझं कोपर धरलं.

त्यांना हवा होता तो थांबा हॉटेलच्या पलीकडे होता.

यजमान पहिल्या टेबलाशी बसले होते. पांढरा सदरा, तेल लावून बसवलेले केस, समोर पाण्याचे दोन ग्लास. मी त्यांना दुरूनच बघितलं. त्यांनीही मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. बाईंना दिसत नाही, हे तोवर मला माहीत झालं होतं. मान हलवून, डोळ्यांनी, कसंही मला यजमानांना सांगता आलं असतं की थांबा, येते. मी तोंड फिरवलं. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला सायकलचं दुकान होतं, तिकडे बघत मी म्हणाले, "बाई, सांभाळून, इथे दगड आहे." तिथं दगड नव्हता.

बस यायला अर्धा तास लागला. बाई मोतीबिंदूबद्दल बोलत होत्या, मी हुंकार देत होते. त्यांना बसमध्ये बसवून दिलं आणि मी जवळजवळ धावत परत आले.

पहिलं टेबल रिकामं होतं. ग्लास उचललेले होते, टेबल पुसलेलं होतं. गल्ल्यावर मालक नव्हते, आतून तळणाचा आवाज येत होता. मी उंबऱ्यावर उभी राहिले. तीनपैकी दोन खोल्यांचे पडदे बाजूला सारलेले होते, एकीचा ओढलेला होता. कुणी तरी कुटुंब आलं असेल, असं वाटलं. एकट्या पुरुषाला तिथं बसू देत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी थोडा वेळ त्या पुसलेल्या टेबलाकडे बघत राहिले. रागावून निघून गेले, असं मनाशी म्हटलं आणि वळले.

ते माझ्यानंतर तासाभरानं घरी आले. दिवे लागले होते. सासूबाईंसमोरच ते म्हणाले की कारखान्यात अडकलो, जायला जमलं न्हाय. मी म्हणाले, "मलाही निघायला जमलं नाही." आम्ही दोघंही खोटं बोललो, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही ठाऊक होतं, एवढं मला तेव्हाही कळलं होतं. वाटलं, ते माझी लाज राखतायत. त्याहून अधिक काही मला कळलं नव्हतं.

दाराशी बसून पायातलं काढताना त्यांनी माझी डावी चप्पल हातात घेतली. तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "ह्यो पट्टा बदलून घ्यायला पायजे," म्हणाले. सोमवारी त्यांनी तो बदलून आणला. दोन्ही चपला काळ्या झाल्या.

त्यानंतरही आम्ही शनिवारी जात राहिलो. आत शिरलं की ते आपणहून पडद्याकडे वळत. बाहेर बसूया, असं ते पुन्हा कधी म्हणाले नाहीत. मी वाट बघत होते. या खेपेला म्हणाले की लगेच हो म्हणायचं, आणि रस्त्यानं कुणीही गेलं तरी मान वर ठेवायची, असं मी ठरवून जायची. मी स्वतःहून मात्र कधी म्हटलं नाही. ते विषय काढतील तेव्हा, असं करत दीड वर्ष गेलं, आणि काविळीनं ते तीन आठवड्यांत गेले.

वर्षभरानंतर मी त्या हॉटेलात पुन्हा जाऊ लागले. एकटी, शनिवारी, आणि बाहेरच्या पहिल्या टेबलाशी. विधवा शिक्षिका उघड्यावर बसून चहा पिते म्हणून कुणी काही म्हणालं असेल, तर ते माझ्यापर्यंत आलं नाही. मुख्याध्यापिकाबाई निवृत्त झाल्या होत्या. एकदा त्या तिथून जाताना मला बघून आत आल्या, समोर बसल्या, आणि माझ्या बशीतलं भजं खाऊन गेल्या. त्या दिवशी घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही.

अशी दहाबारा वर्षं गेली असतील. मालक म्हातारे झाले. एका शनिवारी ते चहा घेऊन स्वतः आले आणि सांगू लागले की सोमवारपासून फॅमिली रूम मोडायच्या आहेत. मुलाला तिथं आइस्क्रीमचा फ्रीज ठेवायचा होता. आता पोरीबाळी उघड्यावर बसतात, पडद्यात कोण बसतंय, असं म्हणून ते त्या खोल्यांकडे बघत राहिले. मग सहज म्हणाले, "इतक्या वर्षांत येकट्या मानसाला फॅमिली रूम दिली ती येकदाच. तुमच्या मालकांस्नी."

मी विचारलं, कधी?

"तुमी त्या म्हाताऱ्या बाईंचा हात धरून फुडनं गेलासा की, तवा. ते उभारले हुते तुमाला बघून. तुमी गेल्यावर मला म्हनले, माझी मंडळी परत येनार हाय, तिला आतच बरं वाटतंय. आत बसतो." मालकांनी फडक्यानं टेबल पुसलं. "तासभर बसले. च्या नगं म्हनले, ती आल्यावर सांगतो. मला वाटलं, घरी सांगिटलं आसंल तुमाला."

मी परत आले होते, उंबऱ्यावर उभी होते, हे मालकांना माहीत नव्हतं. ते त्या वेळी आत भजी तळत होते. मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही. कोणती खोली, एवढंच विचारलं. त्यांनी मधली दाखवली.

मी चहाचा कप उचलून आत गेले आणि मालकांना पडदा ओढायला सांगितलं. आधी मी माझ्या बाकावर बसले, मग उठून त्यांच्या. इतकी वर्षं आम्ही तिथं बसलो, पण त्यांच्या जागेवर मी कधी बसले नव्हते. माझ्या जागेवरून फटीतून टेबलांमधली फरशी दिसायची. त्यांच्या जागेवरून सरळ उंबरा दिसत होता. दगडी, मधोमध झिजलेला, पूर्ण.

एक माणूस आत आला. त्याच्या बुटांचे सैल झालेले टाके मला मोजता आले असते.

म्हणजे त्यांनी मला बघितलं होतं. एक पट्टा काळा, एक तपकिरी. चपला उंबऱ्याशी आल्या, थांबल्या, आत पाऊल पडलं नाही, वळल्या. दहा पावलांवरून हे सगळं त्यांनी बघितलं. त्यांची हाक आमच्या पेठेत चार घरं पलीकडे ऐकू जायची, सासूबाई त्यावरून त्यांना रागवायच्या. त्या दिवशी त्यांनी ती हाक दिली नाही. हॉटेलात सगळ्यांसमोर बायकोला हाक मारली तर तिला आवडणार नाही, हे मीच त्यांना दोन वर्षं शिकवलं होतं.

चहा गार झाला. मालकांनी बाहेरून विचारलं, "वैनी, पडदा सारू का?" मी म्हणाले, थोडा वेळ राहू दे.

मी बाक न सोडता खाली बघत होते. बरेच पाय आले आणि गेले. एकदा उंबऱ्यावर कुणा बाईच्या चपला येऊन थांबल्या. आत यावं की न यावं, असं तिचं चाललं असावं. मी हाक मारली. "मी इथे आहे, आत," असं म्हणाले, आणि बरंच मोठ्यानं म्हणाले, कारण बाहेरचं बोलणं थांबलं. चपला क्षणभर तिथंच होत्या. मग त्या वळल्या.