एकोणीस टॅब

"सतरा... अठरा... थांब, थांब. निळी चौकट कुठं गेली?"

"ते मला विचारताय होय, आत्याबाई? डोळे तुमचे चालतात."

"अगं, एकदम पुढच्या ओळीत जाऊन बसली. दोनदा दाबलंस तू."

"एकदाच दाबलं."

"दोनदा. मी म्हातारी आहे, बहिरी नाही. खट-खट वाजलं."

"बरं, दोनदा. आता पुन्हा पहिल्यापासून."

"पुन्हा पहिल्यापासून," सासू म्हणाली अन् पदरानं स्क्रीन पुसून घेतली. "तुझ्या ऑफिसात दुसरं काही काम नसतं का गं? दिवसभर टॅब मोजायला पगार देतात?"

रविवारची दुपार. जेवणाचं टेबल पुसून त्यावर लॅपटॉप मांडलेला. सासू पंच्याहत्तरीची, सून सत्तेचाळीसची. सासूनं जन्मात कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता, पण सुईत दोरा ती अजून पहिल्या झटक्यात ओवायची. सून टॅबचं बटण दाबायची तशी स्क्रीनवर एक निळी चौकट एका खुणेवरून दुसऱ्या खुणेवर उडी मारायची. सासू तिच्या मागोमाग काचेवर बोट सरकवत आकडा म्हणायची. नवऱ्याला आधी बसवून पाहिलं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर दमून यायचा, दहाव्या टॅबला पेंगायला लागायचा.

ही सून सर्व्हर राखायची. गुरं राखावीत तसंच म्हणा. ऑफिसच्या गार खोलीत लोखंडाच्या दोन पेट्या होत्या अन् त्या दोन पेट्यांत अडतीस सर्व्हर. खरेखुरे नव्हेत, मानलेले. एका छपराखाली अडतीस चुली मांडाव्यात आणि प्रत्येकीला वाटावं घर माझंच, तसा प्रकार. एक हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेचा, एक वाचनालयाचा, एक बसच्या पासांचा. कुणी रुसलं, कुणी फुगलं, कुणी बोलायचं बंद झालं, की हिनं बघायचं.

बघायचं ते काळ्या खिडकीतून. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं; हुकूम टाईप करायचा, उत्तर अक्षरातच येतं. चित्र नाही, बटण नाही. एकवीस वर्षं तिनं हेच केलं. तिच्या बोटांचा आवाज पलीकडच्या जिन्यापर्यंत जायचा, म्हणून ऑफिसात सगळे तिला खटखट मावशी म्हणत. तिच्याहून मोठेसुद्धा.

चार वर्षांपूर्वी जिना उतरताना ती दोनदा पडली. तपासलं तर डोळ्यांचा आतला पडदा कडेनं वाळत चाललेला. दिसायचं ते मधलं तेवढंच, चाळणीच्या एका भोकातून बघावं तसं. ते भोकही बारीक होत जाणार, असं डॉक्टरनं सांगितलं. औषध विचारलं तर म्हणाला, पालेभाज्या खा, चालत जा. डॉक्टर चालायला सांगायला लागला की समजावं, त्याच्या हातात काही उरलेलं नाही.

पण बाई वस्ताद. पडद्यावरची अक्षरं वाचून कानात सांगणारा एक प्रोग्रॅम असतो, तो तिनं बसवला. हळूहळू त्याचा वेग इतका वाढवला की दुसऱ्या कुणाला ते डासाचं गुणगुणणं वाटावं. काळ्या खिडकीत सगळी अक्षरंच. ती सगळी कानातून मिळायची. ऑफिसला वाटायचं मावशी गाणी ऐकते. डोळे पार गेले तरी निवृत्तीपर्यंतची तेरा वर्षं अशीच काढता येतील, असा तिचा हिशेब होता, अन् तो चुकीचा नव्हता.

सांगितलं मात्र कुणाला नाही. ऑफिसच्या ड्रायव्हरला मधुमेहानं दिसेनासं झालं तेव्हा त्याला हार घालून घरी पाठवलेला तिनं पाहिला होता. ड्रायव्हरचं ठीक. पण एकदा हार आणायची सवय लागली की लोक गळ्याचं माप घेत नाहीत. तेव्हा झाकली मूठ झाकलेलीच बरी.

मग साहेबांनी पॅनेल आणलं. यापुढं सगळे सर्व्हर रंगीत पानावरून चालवायचे. माऊसनं टिचकी मारली की मशीन बंद, टिचकी मारली की चालू. काळी खिडकी पहिल्या तारखेपासून कायमची बंद. त्याआधी एका गुरुवारी प्रत्येकानं सगळ्यांसमोर एक मशीन बंद करून पुन्हा चालू करून दाखवायचं.

तिनं घरी ते पान उघडलं. पांढऱ्याफटक पानानं डोळ्यांत नुसता चुना घातल्यासारखं झालं. कानातला आवाज बोलायला लागला, "बटण. बटण. बटण." पान बनवणाऱ्यांनी बटणांना नावंच दिली नव्हती, नुसती चित्रं चिकटवली होती. कुठलं बटण कशाचं, आवाजाला काय ठाऊक.

म्हणून मोजणी. पानाच्या माथ्यापासून टॅब दाबत गेलं की एकोणिसाव्याला चाचणीसाठी ठेवलेल्या मशीनचं बटण येतं. एंटर. मग खात्री विचारणारी चौकट, पुन्हा एंटर. रविवारी संध्याकाळपर्यंत बावीस वेळा बरोबर आलं. सासू म्हणाली, "आता झोपेत सांगेन मी. तुझ्याऐवजी मलाच पाठव."

गुरुवारी अकराला सगळे मोठ्या खोलीत जमले. भिंतीवर ते पान हे एवढं मोठं पाडलेलं. आधी डिस्कवाल्यानं करून दाखवलं. हा तिच्या शेजारच्या टेबलाचा माणूस, कुठल्या मशीनला किती जागा लागते ते बघायचा, म्हणून डिस्कवाला. मग तिची पाळी.

"माऊस नको?" साहेबांनी विचारलं.

"मला टॅबची सवय आहे."

"जुनी खोडं," डिस्कवाला म्हणाला. लोक हसले. तीही हसली.

तिनं मोजले. एकोणीस. एंटर. एंटर.

"अहो मावशी," मागून कुणीतरी म्हणालं, "ती लॅब आहे."

झालं होतं असं की त्या सकाळी पॅनेलवाल्यांनी पानाच्या माथ्यावर एक पाटी टांगली होती. नवी आवृत्ती आली आहे, एवढंच. ती पाटी मिटवायला एक फुली, म्हणजे टॅबला थांबायला एक ठिकाण जास्तीचं. एकोणीस मोजून ती एक ओळ वरच उभी राहिली होती. वरची ओळ प्रयोगशाळेची. भिंतीवर हातभर अक्षरांत नाव होतं, खात्रीच्या चौकटीतही होतं. खोलीतल्या सगळ्यांनी वाचलं. तिला सांगायला कानात इअरफोनचं बोंड नव्हतं, सगळ्यांसमोर नको म्हणून ते टेबलावरच ठेवलेलं.

साहेबांनी माऊस घेऊन चालू करायचं बटण दाबलं. पानावर थांबायला सांगणारी फिरकी फिरायला लागली. पुन्हा दाबलं, पुन्हा फिरकी. तीन मिनिटांत हॉस्पिटलचा फोन. रक्त काढून घेतलेली माणसं रिपोर्टसाठी खोळंबलीत, मशीनला झालंय काय. साहेब बटण दाबत राहिले. बंद पडलेली मोटरसायकल किकवर किक मारून चालू होते, असा काही लोकांचा आयुष्यभराचा समज असतो.

ती उठली. खुर्च्यांच्या पाठी चाचपत आपल्या टेबलाशी गेली, कानात बोंड घातलं, काळी खिडकी उघडली. यादी मागितली. लॅबचं मशीन बंद होता होता अर्ध्यात अडकलेलं, अन् काम पुरं होईस्तोवर कुणी हात लावू नये म्हणून पॅनेलनं त्याला कुलूप घातलेलं. काम पुरं व्हायचं नाव नव्हतं. तिनं अडकलेलं काम मारलं, कुलूप काढलं, मशीन चालू केलं, प्रयोगशाळेचा प्रोग्रॅम उठला का ते विचारून घेतलं. दोन-अडीच मिनिटं गेली असतील.

डिस्कवाला मागोमाग येऊन उभा होता. सगळा वेळ तिचं तोंड भिंतीकडं होतं, हे त्यानं पाहिलं. कानातली गुणगुणही ऐकली.

"किती दिवस?" त्यानं हळूच विचारलं.

"चार वर्षं."

"आणि मी रोज तुला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवतो, हे बघ, ते बघ."

"हो. मी हो म्हणते."

"साहेबांना सांगू नकोस. चूक झाली म्हण. चुका सगळ्यांच्या होतात."

"आणि पुढच्या वेळी?"

तेवढ्यात साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. तिच्याहून दहा वर्षांनी लहान, तिच्याच हाताखाली शिकून वर गेलेला. केबिनमध्ये त्यानं स्वतः तिच्यासाठी खुर्ची ओढली.

"मावशी, नाव मोठ्या अक्षरात होतं. तुम्ही वाचलं काय?"

"वाचलं काहीच नाही. मी मोजत होते."

"काय मोजत होता?"

मग तिनं सगळं सांगितलं. पडदा, आवाज, सासूचं बोट. त्यानं ऐकून घेतलं. हातातल्या पेनाची उघडझाप चालली होती.

"आधी सांगितलं असतंत तर..." तो म्हणाला.

"तर?"

त्यानं पेन खाली ठेवलं.

"माझ्या एकटीपुरतं एक दार उघडं ठेव," ती म्हणाली. साहेब झाल्यापासून ती त्याला अहो-जाहो करायची. त्या दिवशी विसरली. "काळी खिडकी. त्यातलीसुद्धा प्रत्येक ओळ नोंदली जाते, तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. हॉस्पिटलच्या तपासनिसांना नाही. त्यांनी कागदावर लिहून घेतलंय, पॅनेलशिवाय दुसरी वाट नको म्हणून. आजच्या प्रकारानंतर तर मी तोंडही उघडू शकत नाही."

"पॅनेलवाल्यांना सांग, बटणांना नावं द्या."

"लिहितो मी. पण पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत घेतलं तर घेतील."

"आणि आजच्यासारखं कुलूप पडलं तर कोण काढणार?"

"पॅनेलवाल्यांची माणसं. फोन केला की चार तासांच्या आत बघतात."

चार तास. तिनं मान हलवली.

मग तो म्हणाला, फोनवर तक्रारी घेणाऱ्यांत जागा होते का बघू. तिथंही तक्रार पॅनेलवरच टिपायची असते, हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघांनीही तो विषय काढला नाही. "तोवर," तो म्हणाला, "तुम्हाला जे जे येतं ते सगळं लिहून द्या. काळ्या खिडकीतलं. एकवीस वर्षांचं. अडीअडचणीला असावं."

बंद होणाऱ्या दाराची किल्ली कशी फिरवायची, ते लिहून मागत होता. ती हो म्हणाली. नाही म्हणायला तरी काय होतं हातात.

घरी सासू दारातच उभी. "कितीवर चुकलं?" तोंड बघूनच ओळखलं होतं तिनं.

"एकोणीसचे वीस झाले होते."

"मी नीट मोजले होते."

"नीटच मोजले होते, आत्याबाई. त्यांनी वर एक पाटी टांगली."

"न सांगता?"

"न सांगता."

सासू आत येऊन खुर्चीत टेकली. मग म्हणाली, "एकाला शिव्या देता आल्या असत्या तर बरं झालं असतं. ही पाटी टांगली कुणी, हेसुद्धा ठाऊक नाही." अन् उठून तिनं सुनेपुढं पाण्याचा तांब्या ठेवला, हाताला लागेल असा. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच. सुनेला ते आवडलं नाही. तिनं तांब्या उचलून पुन्हा जागेवर नेऊन ठेवला, वाटेत थोडं पाणी सांडलं, अन् त्यावरून दोघी थोड्या भांडल्या.

नवरा आल्यावर त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "दुसरीकडे कुठं बघू की." कुठं ते त्यालाही सांगता येईना. बाहेर आता सगळीकडे रंगीत पानंच होती.

शुक्रवारी ती नेहमीच्या वेळेला ऑफिसात गेली. लोकांनी वाट मोकळी करून दिली, जरा जास्तच. कुणीतरी तिची खुर्ची ओढून ठेवली होती, त्यामुळं ती जागेवर सापडेना. डिस्कवाला म्हणाला, "वाचनालयाची डिस्क भरली. पुस्तकं परत घेता येत नाहीत म्हणतात. मी पॅनेलवरून बघू का?"

"किती भरली?"

"शंभर टक्के."

"पॅनेल जागा वाढवून देईल, पण कशानं भरली ते सांगणार नाही. सरक."

पहिली तारीख यायला अकरा दिवस होते. तिनं कानात बोंड घातलं, वाचनालयाच्या मशीनमध्ये शिरली अन् कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्ली त्याची यादी मागितली. आवाज आकडे सांगायला लागला. जुन्या नोंदींच्या फायली फुगल्या होत्या, कुणी दोन वर्षं साफ केल्या नव्हत्या. बाजूला वही उघडी होती. डिस्कवाला पेन घेऊन बसला, ती सांगेल ते लिहायला.

"हा हुकूम लिही," ती म्हणाली. "आणि पुढं लिही, आधी यादी बघायची, मग पुसायचं."

तिनं यादी पुन्हा एकदा ऐकली अन् पुसायला सुरुवात केली.