मंजनवालीचं तोंड

रत्नाबाई कापगते यांच्याबद्दल भंडाऱ्यात कोणी चांगलं बोलत नसे. उद्धट म्हणत, आगाऊ म्हणत, नवऱ्याची नोकरी खाल्लेली बाई म्हणत. यातलं शेवटचं खरं होतं. आधीची दोन विशेषणं आपलं काम चोख जाणणाऱ्या आणि ते बोलून दाखवणाऱ्या कुठल्याही बाईला मिळतात, ती सोडून द्यावीत.

कोंढ्याच्या शाळामास्तरांची ही मुलगी. मॅट्रिक झालेली, ड्रॉइंगची इंटरमीजिएट परीक्षा पास. लग्न होऊन भंडाऱ्याला आली ती भोजराजच्या घरात. भोजराज टेकचंदसेठच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. छापखाना म्हणजे पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन. त्याला लागून पत्र्याची शेड होती, तिला सेठ दंतमंजनाचा कारखाना म्हणत. राइस मिलमधून धानाचं तूस आणायचं, जाळायचं, त्या काळ्या राखेत मीठ, लवंग आणि चिमूटभर कापूर मिसळायचा आणि पुड्या बांधायच्या. पुडीवर चित्र हवं होतं. नागपूरचा आर्टिस्ट सेठला महाग वाटला, म्हणून काम भोजराजच्या बायकोकडे आलं. तिची कला ओळखून वगैरे काही नाही.

रत्नाबाईंनी देवी काढली नाही की नटी काढली नाही. शेजारच्या धुरपताला अंगणात पाटावर बसवलं. धुरपता विड्या वळायची. काळीसावळी, ठसठशीत, आणि दात असे की बघत राहावं.

"हास," रत्नाबाई म्हणाल्या.

"कायले हासू? हासासारखं काही सांग तं हासतो."

"टेकचंदसेठचं धोतर सुटलं, भर बाजारात."

धुरपता जी हसली, ते हसणं रत्नाबाईंनी कागदावर पकडलं. नागपुरात त्याचा जस्ताचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, झाला आणि पिवळ्या कागदावर लाल शाईने ते तोंड पार पवनी-लाखांदूरपर्यंत गेलं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्या बाया दुकानात जाऊन "तोंडवाली पुडी दे" म्हणू लागल्या. मंजनाचं खरं नाव काय, हे सेठलाही आठवावं लागे. धुरपता आधी कोळशाने दात घासायची, ती आता मंजनावर आली. आपलंच तोंड छापलेली पुडी तिने चुलीशेजारच्या कोनाड्यात मांडली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची आणि ताठ मानेने सांगायची, "ओळखा कोन हाये."

शहात्तर सालच्या दिवाळीनंतर सेठने भोजराजच्या हाती निरोप धाडला. एक नाव काढून पाहिजे, 'मूषकनाश'. मंजनाचं नाव ज्या पट्टीत बसतं, त्याच पट्टीत बसलं पाहिजे. रत्नाबाईंनी मन लावून काढलं. 'ष'ची शेपटी उंदराच्या शेपटीसारखी वळवली. अक्षरं कुठे लागणार, हे मात्र विचारलं नाही. चूक तिथे झाली, आणि ती आपली नव्हे असं त्या पुढे कधी म्हणाल्या नाहीत.

चार दिवसांनी भोजराजने कच्चा छाप घरी आणला. पिवळा कागद, लाल शाई, तीच वेलबुट्टीची चौकट, हसणारी धुरपता, आणि खाली शेपटीवाला 'मूषकनाश'.

"हे काय होय?"

"सेठनं उंदरांच्या औषधाचे डबे आणले. गोदामवाले घेतीन, शेतवाले घेतीन. त्याच्या पुड्या बांधाच्या हायेत."

"रंग काय त्या औषधाचा?"

भोजराज टोपी खुंटीला अडकवत म्हणाला, "काळा."

रत्नाबाई तशाच चपला घालून निघाल्या. सेठ गादीवर बसून सुपारी कातरत होते.

"सेठजी, हे तोंड काढा याच्यावरून."

"काहून?"

"बाया मंजन समजून तोंडात घालतीन."

"खाली नाव लिहून आहे ना. तुमीच तं लिहलं, अन् झकास लिहलं."

"वाचता येणाऱ्या किती हायेत? ज्यांले वाचता येत नाई त्यांच्यासाठीच तं तोंड काढलं होतं."

"अवो बाई, तोंड म्हणजे भरोसा. त्या तोंडावर माल खपते. नव्या मालाले नवं तोंड लावलं तं दोन वर्षं कोणी हात नाई लावत."

"भरोसा हाय म्हणूनच तं म्हणतो. खोपडी काढून देतो मी, हाडकांची. फुकट काढून देतो."

"खोपडी?" सेठ हसले. "दुकानात खोपडी टांगू? तुमी चित्र काढा बाई, अक्कल मी लावतो. अन् वासावरून समजतेच की, लसणासारखा वास येते त्याले."

"सकाळी चुलीपुढं बसून तोंडात बोट घालणारी बाई आधी वास घेते का?"

सेठनी अडकित्ता खाली ठेवला. "भोजराजले चौदा वर्षं झाली माह्याकडं. तुमाले आठवण असू द्या."

ही धमकी होती, आणि रत्नाबाईंना ती नीट ऐकू आली.

आता असल्या वेळी बहुतेक माणसं काय करतात? घरी जातात, डोक्याला हात लावून बसतात, आणि आपण सांगितलं होतं एवढं समाधान पुरवून पुरवून खातात. रत्नाबाईंना बसून राहणं जमत नसे. त्यांनी छापाचे दोन कागद घेतले, एक मंजनाचा, एक विषाचा. दोन्हींत साधी राख भरून पुड्या बांधल्या आणि एस.टी.ने कोंढ्याचा बाजार गाठला. मिरच्या विकायला, बांगड्या भरायला आलेल्या बायांना एकेकीला दोन्ही पुड्या दाखवून विचारायचं, ही कायची आणि ही कायची. बारा जणींना विचारलं. नऊ जणी म्हणाल्या, दोन्ही मंजन. एकीने शहाणपणाने सांगितलं, ही लहान पोरांची असन. एकीने विचारलं, फुकट देऊन राहिल्या का. बारावी तेवढी वाचणारी निघाली, पण तीसुद्धा आधी "मंजन" म्हणाली आणि मग खालचं नाव वाचू लागली.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी विषाची पुडी धुरपतापुढे धरली.

"ही कायची?"

"येडी झाली का वं? मंजनाची."

"नीट पाय. नाव येगळं हाय."

"नाव गेलं चुलीत. तोंड तं माह्यंच हाय ना?"

"उंदराच्या औषधाची पुडी आहे ही, धुरपता. सेठ आणून राहिला."

धुरपताने पुडी उलटीपालटी केली आणि खो खो हसली. "माह्या तोंडाची पुडी मलेच मारन काय? सेठ असा नाई. तुलेच माह्यं तोंड खुपून राहिलं. साऱ्या जिल्ह्यात वळख झाली ना माही, तुले कोन वळखते?"

आपलंच तोंड म्हणून ती डोळे मिटून बोट बुडवणार, हे रत्नाबाईंना त्या क्षणी लख्ख दिसलं. बाजारातल्या बारा जणींनी जे सांगितलं, त्याहून हे वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाराचा आकडा सेठपुढे ठेवला. सेठ म्हणाले, बाजारच्या बाया येड्या असतात. मग त्या तहसील कचेरीत गेल्या. तिथल्या साहेबाने दोन्ही पुड्या पाहिल्या आणि विचारलं, "कोणी दगावलं का?"

"अजून नाई."

"मग तक्रार कशाची?"

"दगावल्यावर तक्रार करू का?"

"आवाज खाली ठेवा. अर्ज द्याचा असन तं मालकाच्या सहीनं द्या."

मालक म्हणजे नवरा, भोजराज. भोजराज सही करणार नव्हता. रात्री जेवताना त्याने सांगून टाकलं, सोमवारपासून छपाई, दहा हजार. "तुले काय कराचं हाय? तू नाव काढलं, काम झालं. पुडीत काय भरते ते सेठ पाहीन."

"नाव माह्यं, तोंड माह्यं, अन् पुडी सेठची?"

"मंग मी काय करू? माही नोकरी हाय तिथं."

"तुमी काहीच करू नका," रत्नाबाई म्हणाल्या. "जेवा."

सोमवारी दुपारी मशीनवाला जेवायला गेला तेव्हा त्या छापखान्यात शिरल्या. पिशवीत छिन्नी होती आणि हातोडी होती. ब्लॉक मशीनवर चढवून तयार होता. त्यांनी तो चावी फिरवून सैल केला, काढला, दगडी फरशीवर ठेवला. भोजराज पलीकडे खिळ्यांचे खण मांडायच्या घोड्यापाशी बसला होता. त्याने पाहिलं. उठायला त्याने उशीर केला. का केला, ते त्याने जन्मभरात सांगितलं नाही, आणि रत्नाबाईंनी विचारलं नाही.

पहिला घाव दातांवर घातला. मग डोळे, मग नाक. काम उरकायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. आयुष्यात काढलेलं सगळ्यात चांगलं चित्र ते हेच, हे त्यांना माहीत होतं. पण नुसता 'मूषकनाश' खरवडून भागणार नव्हतं. अक्षरं सेठने दुसऱ्याकडून काढून घेतली असती. तोंडाचा मूळ कागद मात्र रत्नाबाईंच्याच घरी होता, आणि असं तोंड दुसरं कोणी काढू शकणार नव्हतं.

सेठ आले. त्यांनी ब्लॉक उचलून उलटसुलट पाहिला.

"माह्या पैशाचा ब्लॉक होता हा."

"हो."

"पोलिसात देतो तुले."

"चाला. संगच जाऊ. ही पुडी बी घेऊ, त्यांले दाखवू."

सेठ पोलिसात गेले नाहीत. भोजराजकडे वळून एवढंच म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." चौदा वर्षं तेवढ्यात संपली. पुढे भोजराज सायकलने वरठीला जाऊ लागला, मालधक्क्यावर पोत्यांच्या चिठ्ठ्या लिहायला. घरात तो फारसा बोलत नसे. आधीही बोलत नसे, म्हणा.

सेठना विषाची पुडी घाईने बाजारात आणायची होती. नागपूरच्या माणसाने त्यांना उताणा मेलेला उंदीर काढून दिला, हिरव्या कागदावर. पुडी तुफान खपली. मेलेला उंदीर ही आपलीच कल्पना, असं सेठ शेवटपर्यंत सांगत राहिले. मंजनावर त्यांनी सिंह छापला आणि मंजनाचा खप बसला. त्याचा दोष रत्नाबाईंवर आला.

आणि कोणी मेलं नाही. पवनीत नाही, कोंढ्यात नाही, कुठेच नाही. त्यामुळे रत्नाबाई खोट्या ठरल्या. गल्लीतल्या सुशीलाबाई नळावर मुद्दाम मोठ्याने म्हणत, "कोन मेलं मंग? नाव सांगावं ना एकाचं." नाव सांगता येत नव्हतं. न मेलेल्यांची नावं कुठून आणायची? छापखान्यांनी काम देणं बंद केलं. त्यांनी शाळांचे नकाशे रंगवले, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ज्या पाटीचा मजकूर खोटा वाटे ती परत पाठवली आणि आणखी दोन माणसं तोडली.

सगळ्यात कडू झाली धुरपता. ती भिंतीशी उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "माह्या तोंडावर छिन्नी मारली हिनं. दातांवर मारली आधी. एवढी जळत होती." आणि बोलणं टाकलं. दोन घरांमध्ये कमरेइतकी मातीची भिंत, पलीकडे ती विड्या वळणार, अलीकडे या पाट्या रंगवणार, आणि जवळजवळ नऊ वर्षं शब्द नाही. गल्लीतल्या बाकीच्या बाया हळूहळू दवाखान्याच्या बाटल्या घेऊन रत्नाबाईंकडे येऊ लागल्या. सकाळच्या औषधावर सूर्य, रात्रीच्यावर चंद्र, जेवल्यावर घ्यायचं त्यावर भरलेलं ताट. मेहनताना कोणी देत नसे. त्याच बाया नळावर त्यांची निंदाही करत. धुरपताने बाटली कधी आणली नाही.

पंचाऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी धुरपताने भिंतीवर दोन बाटल्या आणून ठेवल्या. दोन्ही तपकिरी, दोन्ही सरकारी दवाखान्याच्या. एक खोकल्याची, एक गुडघ्याला चोळायची. भिंतीकडे बघूनच ती म्हणाली, "ज्याले चित्र काढता येते म्हनतात, त्यानं सांगावं प्याचं कोनतं ते."

रत्नाबाईंनी हातातला ब्रश ठेवला. बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचली, खात्रीसाठी बुचं काढून वास घेतला. पहिलीवर कागद चिकटवून सूर्य आणि चंद्र काढले. दुसरीवर गुडघा काढला, आणि त्याखाली एक तोंड. ठसठशीत, घट्ट मिटलेलं, आणि त्यावर लाल फुली.

धुरपताने बाटली डोळ्यांजवळ धरली. पहिल्यांदाच सरळ रत्नाबाईंकडे बघितलं.

"हे कोन होय?"

"तू."

"माहे दात कुठं गेले?"

"तोंड मिटलं आहे. यातलं प्याचं नाई."

"येक दात तं दाखवाचा होता."

"दाखवला असता तं पेली असती."

धुरपता बाटल्या उचलून आत गेली. उघड्या दारातून तिचा कोनाडा भिंतीवरून दिसत होता. सूर्याची बाटली तिने कोनाड्यात ठेवली. फुलीवाली हातात धरून ती पाटावर चढली आणि ती पार वर, आड्याखालच्या फळीवर ठेवून दिली.