चार थेंब

केमिस्ट्रीच्या बाई पाण्यावर विश्वास ठेवत नसत. मुलुंडच्या आमच्या इमारतीत सकाळी नळाला पाणी आलं की त्या ते आधी एका छोट्या बाटलीत घेत, त्यात साबणाच्या पाण्याचे थेंब मोजून टाकत आणि बाटली हलवत. फेस टिकला की थेंबांचा आकडा वहीत, मग चहा. पालिकेचं पाणी मऊ, चार थेंबांत फेस धरायचं. जास्त लागले तर पाणी जड. ते माशांच्या टाकीत जायचं नाही.

टाकी दोन फुटी होती. तीत एंजल माशांची जोडी आणि शाळेतली एक फुटकी पाटी, तिरकी उभी केलेली. तीन वर्षं वाट पाहायला लावून एका मे महिन्यात जोडीने त्या पाटीवर अंडी घातली. त्याच आठवड्यात बाईंना दहावीचे पेपर तपासायला चार दिवस पुण्याला जावं लागलं. मी समोर राहायचो, एका वर्तमानपत्रात नुकताच लागलो होतो. किल्ली माझ्याकडे आली.

"सकाळी बादली भरून ठेव, संध्याकाळी तपासून, टाकीतलं तेवढं काढून ओत. आकडा वहीत लिही," त्या म्हणाल्या. "आणि डोकं चालवू नकोस, बातमीदार."

दोन दिवस चार थेंब. तिसऱ्या संध्याकाळी मला यायला उशीर झाला. बाटली ओट्यावर होती. तिला हात न लावता मी वहीत '४' लिहिलं आणि बादली ओतली.

थोड्याच वेळात नर वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. मादी पाटी सोडून कोपऱ्यात गेली. टाकीतलं पाणी खराब झालं असावं असं धरून मी नळाची आणखी एक बादली ओतली. नर आडवा झाला. तेवढ्यात खालच्या काकू जिन्यातून ओरडल्या, "अरे, ते पाणी पिऊ नकोस हां! आज सकाळपासून टँकर चाललाय, विहिरीचं आहे!"

मी बाटली घेतली. दहा, पंधरा, वीस थेंब. फेस धरेना.

सकाळी नर मेलेला होता. अंडीही मरून पांढरी पडली होती.

बाई दुपारी आल्या. टाकीकडे पाहिलं, पीएचचा कागद बुडवला. तो निळसर झाला. मग वही उघडली.

"मोजलं होतंस?"

"हो."

त्यांनी बादलीतलं उरलेलं पाणी बाटलीत घेतलं आणि ती माझ्या हातात दिली. "पुन्हा मोज. मोठ्याने."

सतराव्या थेंबाला मी बाटली खाली ठेवली. "नव्हतं मोजलं, बाई," मी म्हणालो.

"मासा वाईट पाण्यात राहतो रे," त्या वर्गात सांगावं तसं बोलल्या. "टाकीतलं जुनं पाणी जरासं आम्ल असतं, त्यात त्याची घाण त्याला बाधत नाही. हे विहिरीचं एकदम ओतलंस, पीएच चढला, आणि तीच घाण विष झाली." मी रबर शोधू लागलो तसा त्यांचा आवाज चढला. "खोडायचं नाही! शेजारी लिही, 'न मोजता'. खाली सही कर."

मी सही केली.

पुढच्या मे महिन्यात त्यांनी किल्ली पुन्हा माझ्याच हातात ठेवली. निवृत्त होऊन त्यांनी मुलुंड सोडलं तेव्हा टाकी शाळेला दिली. मी वही मागितली.

"ती नाही मिळायची," बाई म्हणाल्या. "ते पान फाडशील."