दात पांढरे ठेवायचे दिवस

बायको गेली त्याला अकरा महिने झाले होते, तेव्हा मी दात पांढरे करून घेतले. लोकांना वाटलं म्हाताऱ्याला हौस आली. काहीजण तोंडावर बोलले, काहीजण पाठीमागे. मला कशाचीच हौस नव्हती. सकाळी उठून अंथरूण गुंडाळायचाही कंटाळा यायचा, तिथे दातांचं काय घेऊन बसलात.

हे सगळं मुलीपायी. तिचं लग्न ठरलेलं होतं आणि मध्येच आई गेली. आमच्यात असं झालं की वर्षाच्या आत कार्य उरकायचं, नाहीतर पुढे ढकलायचं. मग वर्षश्राद्ध आधीच ओढून घेतलं आणि तारीख धरली. लग्नाला दहा-बारा दिवस असताना मुलगी मुंबईहून आली. एके दिवशी आईचा फोटो लावायचा म्हणून तिने ट्रंकेतले सगळे फोटो जमिनीवर पसरले आणि बघत बसली. मग म्हणाली, "बाबा, तुझो हसतानाचो एक पन फोटो नाय. आवशीवांगडा तर नायच नाय. बघणाऱ्याक वाटतला तुमी दोगां भांडान फोटो काढूक बसलात."

खरं होतं ते. मी चाळीस वर्षं जांभ्या चिऱ्याच्या खाणीवर काढली. तोंडात दिवसभर तंबाखू-चुना, वर पान, वर काळा चहा. दात असे झाले होते की तोंडात चिरेच बसवलेत. फोटोवाला समोर उभा राहिला की बायको कोपराने ढोसायची, "तोंड मिटा हो, चिरे दिसतत." मी मिटायचो. पुढे तिने नाही ढोसलं तरी आपोआप मिटायचं. त्याची इतकी सवय झाली की हसायलाच लाज वाटायची. हसलो तर टॉवेल तोंडावर धरून.

मुलगी म्हणाली, "माका एकच फोटो व्हयो. तुझो, हसतानाचो. आवस तर गेली, तिचो आता खंयसून हाडू?"

मी म्हटलं, हसू येणार आहे का मला? ती म्हणाली, ता मागसून बघू, आधी दात करून घे. आईसारखीच हेकट. नाही म्हणायला ताकद लागते, ती माझ्याकडे उरली नव्हती. गेलो.

कणकवलीला दवाखाना. डॉक्टरीण माझ्या मुलीच्याच वयाची असेल. तिने आधी खरवडून किटण काढलं. काय आवाज, खाणीतल्या मशीनची आठवण झाली. मग दातांना कसलासा लेप लावून निळा दिवा तोंडापाशी धरला. मी डोळे मिटून पडून होतो. तिथल्या खुर्चीत बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच कोणी मला नुसतं पडून राहायला सांगितलं होतं.

उठल्यावर आरसा दिला. एक जुनी कॅप होती ती तेवढी पिवळी राहिली, बाकी सगळे दुसऱ्याच कुणाचे दात. मग डॉक्टरीण सांगायला लागली. दवाखान्यात मी पुस्तकी बोलतो आणि नीट बसून ऐकतो.

"आजोबा, आता खरं काम तुमचं. तंबाखू, पान बंद. दोन दिवस चहा नाही. हळद, मसाला, सोलकढी, काही नाही. लाल दंतमंजन फेकून द्या, मऊ ब्रश घ्या. पांढऱ्या सदऱ्यावर ज्याचा डाग पडतो ते दोन दिवस तोंडात घालायचं नाही. पुढेसुद्धा चहा प्यायलात की लगेच पाण्याने चूळ भरायची."

मी म्हटलं, "माझ्या सदऱ्यावर सगळ्याचेच पडतात."

ती हसली. मुलगी नाही हसली, ती मोबाईलमध्ये यादी लिहून घेत होती.

घरी आल्यावर कळलं की आमच्या भागात माणसाने पांढरं खायचं म्हटलं तर उपाशीच राहायचं. कालवण लाल, कढी गुलाबी, वरण पिवळं. रोजची पेजसुद्धा उकड्या तांदळाची, ती तांबूस. मुलीने सुरय तांदळाची पांढरी पेज केली. सोबत कोहळा नुसता मीठ घालून शिजवलेला, वर ओलं खोबरं. हळद नाही, फोडणी नाही, मिरची नाही. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. मासळी मसाल्याशिवाय मला गिळवत नाही, म्हणून तीही नाही.

पहिला घास घेतला आणि हात थांबला. हे जेवण मी ओळखत होतो. बायको गेली तेव्हा सुतकाचे दिवस हेच जेवलो होतो, याच पाठच्या पडवीत, याच पाटावर बसून. फोडणीचा वास नसलेलं घर कसं लागतं ते ज्याने असे दिवस काढलेत त्यालाच ठाऊक. मुलीच्याही ध्यानात आलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी पेज वाढताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

तंबाखूची तल्लफ आली की माडाखाली जाऊन उभा राहायचो. दात ठणकत होते. नुसता वारा लागला तरी शिवशिवायचे. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की डोक्यापर्यंत कळ. म्हणून मी तोंड मिटूनच बसायचो, कुणी बोललं तर मान हलवायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी असाच पाटावर बसलो होतो. शेजारची काकी वाडग्यातून बांगड्यांचं तिखलं घेऊन आली. बायकोची मैत्रीण ती, लग्नघर म्हणून रोज काही ना काही आणायची. पडवीच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिची नजर माझ्या ताटात गेली. पांढरी पेज, पांढरा कोहळा. चुलीवर फोडणी नाही. माझं तोंड मिटलेलं.

पाय मागे घेतला तिने. "भावजी, खंयचा सुतक इला हो?"

मी हाताने खूण केली, तसलं काही नाही म्हणून. तिला वाटलं मी म्हणतोय, जवळ येऊ नको. वाडगा छातीशी धरून ती आली तशी परत गेली. तिखलंही गेलं.

मुलगी तेव्हा घरात साड्या मोजत होती. मी तिला हाक मारायला हवी होती, मारली नाही. म्हटलं, जाऊ दे, कळेल तिला.

तिला कळायच्या आधी वाडीला कळलं. भाऊबंदात कोणी गेलं तर सुतक आम्हा सगळ्यांना, आणि सुतकात लग्न होत नाही. अर्धा तास झाला नसेल, वरच्या वाडीतला माझा थोरला भाऊ धापा टाकत अंगणात आला. मी विधुर, मला कन्यादानाला बसता येत नाही, म्हणून तो आणि वहिनी बसणार होते. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. सदरा, लेंगा, सगळं अंगाला चिकटलेलं, चष्म्यावरून पाणी गळतंय. सुतकाची बातमी ऐकली की आंघोळ करायची असते, तर हा आपल्या विहिरीवर कपड्यांसकट दोन कळशा ओतून घेऊनच निघाला होता.

"कोण गेलो रे?"

मी मान हलवली.

"अरे बोल मेल्या! मुंबयचो काका गेलो काय? मी भटाक फोन केलंय. मांडववाल्याक सांगलंय, बांबू उतरव नको म्हणान."

आता बोलणं भाग होतं. म्हटलं, "कोण नाय गेलो. दात पांढरे करून घेतलंय. दोन दिवस हळद खाऊची नाय."

तो तसाच उभा. पायाखाली पाण्याचं थारोळं. मग जवळ येऊन वाकला, "दाखव."

मी दाखवले. त्याने चष्मा पुसला, पण सदराच ओला, आणखीनच धूसर झाला. परत वाकून बघितलं.

"मेल्या, तुझ्या दातांपायी माका कपड्यांसकट न्हाणवलंस? पंच्याहत्तर वर्षांचो झालंय मी! न्युमोनिया झालो असतो तर खराच सुतक इला असता!"

आणि मला हसू फुटलं. कुठून आलं ठाऊक नाही. आवरेना. दातांना वारा लागून कळा मारत होत्या तरी थांबेना. टॉवेल शोधायला हात गेला, तो खुंटीवर होता. भाऊ आधी शिव्या घालत होता, मग तोही हसायला लागला. मुलगी कधी दारात आली आणि कधी तिने मोबाईल धरला, मला दिसलंही नाही.

हसता हसता मी चुलीकडे वळलो. असं काही घडलं की मी तिकडेच वळायचो, बायकोला सांगायला, "ऐकलंस गो?" चुलीपाशी कोणी नव्हतं. तिथेच हसू संपलं.

लग्न ठरल्या दिवशी झालं. तोवर मी दात जपले, एक पान खाल्लं नाही, चहावर चूळ भरली. भाऊ-वहिनी पाटावर बसले, मी मागे खुर्चीवर. फोटोवाला दहादा म्हणाला, काका, हसा. माझं तोंड मिटलेलंच राहिलं. त्या अल्बमात मी पहिल्यासारखाच भांडून बसलेला दिसतो.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मुलीने मोबाईलमधला फोटो मोठा करून आणला. ओला भाऊ अर्धाच आलाय. मी पूर्ण, समोर पेजेचं ताट, तोंड भरून दात. आईच्या फोटोशेजारी लावते म्हणाली. मी म्हटलं, "नको. ती जावन वरीस नाय झाला आणि मी असो हसतंय. लोक काय म्हणतले?"

"लोकांक नाय, तिका बघूक लावतंय," म्हणाली आणि स्टुलावर चढून खिळा ठोकला. मग आपल्यासाठी दुसरी प्रत बॅगेत घालून सासरी गेली.

मुलीला तो बघून बरं वाटतं. मला नाही वाटत. पण काढूनही ठेवला नाही.